हिराकस, मायफळ आणि विनलँडचा नकाशा

११ ऑक्टोबर १९६५. दुसऱ्या दिवशी अमेरिकेत कोलंबस दिन. नेमका हा मुहूर्त साधून येल विद्यापीठाने एक नकाशा जगापुढे ठेवला. चर्मपत्राचा दुमडलेला एक ताव, साधारण २८ बाय ४१ सेंटिमीटर. त्यावर युरोप, आफ्रिका, आशिया, आणि पार डाव्या कडेला, आइसलँड आणि ग्रीनलँडच्याही पलीकडे, एक मोठं बेट. नाव 'विनलंडा इन्सुला', म्हणजे विनलँड बेट. विनलँड हे जुन्या नॉर्स दर्यावर्दींनी अमेरिकेच्या किनाऱ्याला दिलेलं नाव. नकाशा १४४० च्या सुमाराचा असल्याचं सांगण्यात आलं, म्हणजे कोलंबसाने शिडं उभारण्याआधी पन्नासेक वर्षांचा. इटालियन वंशाचे अमेरिकी भडकले, स्कँडिनेव्हियन वंशाचे सुखावले आणि वर्तमानपत्रांना आठवडाभराची बेगमी झाली.

नॉर्स लोक, म्हणजे स्कँडिनेव्हियाचे मध्ययुगीन दर्यावर्दी, अमेरिकेला पोहोचले होते की नाही, हा प्रश्न या नकाशावर मुळीच अवलंबून नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. हेल्गे इंगस्टाड आणि त्यांच्या पुरातत्त्वज्ञ पत्नी अ‍ॅन स्टाइन यांनी कॅनडातल्या न्यू फाउंडलंडमधल्या लान्स ओ मेडोज इथे १९६१ पासून नॉर्स वस्ती उकरून काढलीच होती. तिथल्या लाकडावरची कुऱ्हाड सन १०२१ मध्ये चालली, इतका नेमका काळही आता निघाला आहे. नकाशा खोटा ठरल्याने त्या दर्यावर्दींचं काहीच जात नाही. प्रश्न एवढाच की हा ताव, ही शाई, कधीची?

याचं उत्तर एका खनिजाने दिलं. अ‍ॅनाटेज, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या तीन नैसर्गिक रूपांपैकी एक. उत्तर मिळायला मात्र जवळजवळ पन्नास वर्षं लागली, आणि मला या प्रकरणात सगळ्यात रस आहे तो या उशिरात.

नकाशाची जन्मकथा थोडक्यात. येल जिथे आहे त्या न्यू हेवनचे जुन्या पुस्तकांचे व्यापारी लॉरेन्स विटन यांनी १९५७ मध्ये तो युरोपात ३,५०० डॉलरला घेतला. सोबत मंगोलांच्या प्रदेशाचं वर्णन असलेलं एक हस्तलिखित होतं, त्याला 'टार्टर रिलेशन' म्हणतात. दोन्हींना कसरीची भोकं होती, पण ती एकमेकांशी जुळत नव्हती. मग येलचेच थॉमस मार्स्टन यांच्या हाती 'स्पेक्युलम हिस्टोरिआले' या मध्ययुगीन ग्रंथाचा एक तुकडा लागला, आणि चमत्कारच झाला. नकाशा पुढे, हा तुकडा मध्ये आणि टार्टर रिलेशन मागे ठेवलं की सगळी भोकं आरपार बसत होती! पुढे पॉल मेलन या धनिकाने हे सगळं विकत घेऊन येलला दिलं. कसरीच्या भोकांनी विद्वानांना जिंकलं म्हणायला हरकत नाही. कीड खोटं बोलत नाही, हे खरंच. पण किडीने ताव खाल्ला तेव्हा त्यावर नकाशा होता की तो कोराच होता, हे कीड सांगू शकत नाही.

शाईकडे येऊ.

मध्ययुगीन युरोपची नेहमीची शाई हिराकस आणि मायफळाची. हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट, हिरवट खडे. मायफळ म्हणजे ओकच्या झाडावर किड्याने अंडी घातल्यामुळे धरणारी गाठ, टॅनिनने गच्च भरलेली. आपल्याकडे मायफळाऐवजी हिरडा वापरूनही काळा रंग करत, रसायन तेच. दोन्हींचा अर्क एकत्र आला की लोहाचा काळा संयुगी रंग तयार होतो आणि चर्मपत्रात मुरतो. शतकं गेली की तो तपकिरी पडतो, आणि अक्षरांच्या कडेने एक पिवळसर-तपकिरी डाग पसरलेला दिसतो. जुनी कागदपत्रं हाताळणाऱ्या माणसाला हा डाग वयाचा दाखलाच वाटतो.

विनलँडच्या नकाशावर असाच पिवळसर पट्टा आहे आणि त्याच्या मधोमध काळी रेघ. काळी रेघ जागोजागी उडून गेलेली, पिवळी मात्र टिकलेली. वरवर पाहता सगळं यथास्थित. पण १९६७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये तपासणी झाली तेव्हा ही शाई अतिनील प्रकाशाखाली हिराकस-मायफळाच्या शाईसारखी वागेना. ती शाई अशा प्रकाशात गडद काळी दिसते. ही दिसली नाही.

१९७२ मध्ये येलने शिकागोच्या वॉल्टर मॅक्रोन यांना गाठलं. मॅक्रोन म्हणजे सूक्ष्मदर्शकाचा माणूस. धुळीच्या एका कणावरून तो कुठला हे सांगण्याची त्यांची ख्याती. त्यांनी नकाशावरून शाईचे कण उचलले, असे की डोळ्यांना जेमतेम दिसावेत. पिवळ्या पट्ट्यातल्या कणांत त्यांना अ‍ॅनाटेज सापडलं: गोलसर, एकसारख्या आकाराचे, मायक्रोमीटरच्याही अंशाएवढे स्फटिक. जानेवारी १९७४ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. पिवळी रेघ आधी काढली, मग तिच्यावर काळी गिरवली. वयाचा डाग कुंचल्याने रंगवलेला होता. आणि रंग १९२० च्या सुमारानंतरचा.

इथे कोणीही विचारेल की टायटॅनियम काय विसाव्या शतकात जन्मलं? अर्थातच नाही. कॉर्नवॉलचे पाद्री विल्यम ग्रेगर यांनी १७९१ मध्ये तिथल्या काळ्या वाळूत ते ओळखलं, १७९५ मध्ये क्लाप्रोट यांनी रुटाइल खनिजात तेच मूलद्रव्य पाहून त्याला नाव दिलं. पृथ्वीच्या कवचात विपुलतेने ते नववं. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळातच टायटॅनियम डायऑक्साइडचं प्रमाण दोन-तीन टक्के भरतं. ते धुपून नद्यांवाटे किनाऱ्याला येतं, म्हणून रत्नागिरीजवळ काळबादेवी, मिऱ्या, मालगुंडच्या पुळणींवर लाटेने काळे पट्टे काढलेले दिसतात. त्या वाळूत साधा लोहचुंबक फिरवा. टोकाला झुबका धरतो तो बहुतांशी मॅग्नेटाइटचा. जो काळा चकचकीत कण चुंबकाला फारशी दाद न देता मागे राहतो, त्यात इल्मेनाइट आहे, लोह आणि टायटॅनियमचं जोड ऑक्साइड. चपला झटकताना आपण टायटॅनियमच झटकत असतो. तेव्हा १४४० च्या चर्मपत्रावर टायटॅनियम सापडलं, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. मॅक्रोन यांचा मुद्दा मूलद्रव्याचा नव्हताच. तो रूपाचा होता, आणि इथे थोडं थांबायला हवं.

एका टायटॅनियम अणूला दोन ऑक्सिजन, हे सूत्र तिघांचं एकच: रुटाइल, अ‍ॅनाटेज, ब्रुकाइट. तिघांतही प्रत्येक टायटॅनियमभोवती सहा ऑक्सिजन अष्टफलकाच्या कोपऱ्यांवर बसतात. फरक पडतो तो हे अष्टफलक एकमेकांना कसे चिकटतात यात. रुटाइलमध्ये प्रत्येक अष्टफलक शेजाऱ्यांशी दोन कडा वाटून घेतो, ब्रुकाइटमध्ये तीन, अ‍ॅनाटेजमध्ये चार. एवढ्याने स्वभाव बदलतो. रुटाइल सर्वांत घट्ट बांधणीचं, घनता ४.२ च्या वर. अ‍ॅनाटेज सैलसर, ३.९ च्या आसपास. रुटाइल हा स्थिर मुक्काम. बाकी दोघांना पुरेसं तापवलं की ती रुटाइल होतात आणि परत फिरत नाहीत. अ‍ॅनाटेज कोणत्या तापमानाला कूस बदलेल याचा एक आकडा मात्र सांगता येत नाही. कण किती बारीक, त्यात अशुद्धी कोणती, यावर ते ६०० अंशांना बदलेल की १,००० च्या जवळ, हे ठरतं. ब्रुकाइट या प्रकरणात साक्षीला आलंच नाही, त्याला इथेच निरोप.

रंगकामाच्या दृष्टीने गुण एकच महत्त्वाचा, अपवर्तनांक. हिऱ्याचा २.४२. अ‍ॅनाटेजचा २.५ च्या वर, रुटाइलचा २.६ ते २.९. म्हणजे हिऱ्याहून जास्त प्रकाश वाकवणारी गोष्ट पूड करून भिंतीला लावता येते. पण नुसती पूड करून भागत नाही. दृश्य प्रकाश सर्वांत जोमाने विखुरला जावा तर कणाची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या निम्म्याच्या आसपास हवी, साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोमीटर. याहून मोठा कण कमी झाकतो, याहून फार बारीक कण पारदर्शक होत जातो. निसर्गातलं अ‍ॅनाटेज ही अट पाळत नाही, त्याला कारणही नाही. आल्प्सच्या कपारीत त्याचे टोकदार, दुहेरी पिरॅमिडसारखे स्फटिक मिळतात, आणि चिनी मातीत ते अशुद्धी म्हणून विखुरलेलं असतं. सगळे कण एकाच मापाचे, गोलसर आणि प्रकाशाच्या निम्म्या लांबीचे हवे असतील तर ते कारखान्यातच घडवावे लागतात.

कसे घडवतात ते पाहण्यासारखं आहे. इल्मेनाइट दळून तीव्र गंधकाम्लात शिजवायचं. लोह आणि टायटॅनियम दोन्ही विरघळतात. द्रावण गार केलं की लोह बाहेर पडतं, आणि ते कशाच्या रूपात? हिराकशीच्या! तेच हिरवे खडे. उरलेलं द्रावण उकळून पाण्याने फोडलं की टायटॅनियमचा पांढरा, पाणीदार साका तळाला बसतो. हा साका अ‍ॅनाटेज जातीचाच असतो, पण त्यातले स्फटिक अवघ्या काही नॅनोमीटरचे, रंगाला निरुपयोगी. म्हणून तो धुऊन भट्टीत ८०० ते १,००० अंशांना भाजायचा. भाजताना स्फटिक वाढतात, कोपरे गोल होतात. त्यात फॉस्फेट आणि पोटॅशियमचे क्षार चिमटीभर घातले तर अ‍ॅनाटेज रुटाइलकडे न वळता अ‍ॅनाटेजच राहतं. नॉर्वे आणि अमेरिका या दोन्ही ठिकाणी १९१६ च्या आगेमागे हा उद्योग बाजारात उतरला. सुरुवातीचा माल बेरियम सल्फेटवर बसवलेला असे, निव्वळ अ‍ॅनाटेज १९२० च्या दशकात आलं. रुटाइलचा पांढरा रंग त्यानंतर, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पसरला. म्हणजे पांढऱ्या रंगात नुसतं अ‍ॅनाटेज सापडणं, हीसुद्धा एक तारीखच म्हणायची.

एवढं हाताशी असताना १९७४ मध्येच प्रकरण मिटायला हवं होतं. मिटलं नाही, आणि विरोधकांना हटवादी म्हणणं सोपं असलं तरी ते अन्यायाचं होईल.

पहिला तडाखा आला डेव्हिसहून. कॅलिफोर्निया विद्यापीठातले टॉमस केहिल आणि त्यांचे सहकारी सायक्लोट्रॉन या कणवेगवर्धक यंत्राच्या प्रोटॉन किरणाने जुने दस्त तपासत. गुटेनबर्ग बायबलच्या शाईतलं तांबं आणि शिसं त्यांनीच दाखवलं होतं. १९८५ मध्ये त्यांनी नकाशा तपासला. टायटॅनियम मिळालं, पण नगण्य, आणि काही रेघांत तेही नाही. १९८७ मध्ये हे छापून आलं आणि वारं फिरलं. मॅक्रोन म्हणत होते शाईत भरपूर अ‍ॅनाटेज, हे म्हणत होते लेशमात्र टायटॅनियम. खरं कोण?

माझ्या मते दोघेही आपापल्या जागी खरं मोजत होते. मॅक्रोन यांच्या सुईच्या टोकावर फक्त पिवळ्या पट्ट्याचा कण होता. प्रोटॉन किरणाखाली येत होता तो सगळा ठिपका, त्यात रेघ, रेघेबाहेरची कातडी आणि खालची जाडीही. पातेलंभर वरणात चिमूटभर हिंग पडला आणि कोणी पातेल्याच्या वजनात हिंगाचा टक्का काढला, तर तो नगण्यच निघेल. वास मात्र येईल. शिवाय ती पद्धत मूलद्रव्य ओळखते. ते इल्मेनाइटमधलं आहे, मातीतलं आहे की भट्टीतून निघालेल्या अ‍ॅनाटेजमधलं, हे तिला कळत नाही. पण १९९६ मध्ये येलच्या प्रकाशनाने नकाशाचा ग्रंथ पुन्हा छापला तेव्हा सूर नकाशा अस्सल असल्याचाच होता.

दुसरा आक्षेप जास्त बुद्धिमान आहे, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतो. अमेरिकेच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संशोधन संस्थेशी संबंधित जॅकलिन ओलिन यांनी मांडलं की मध्ययुगात हिराकस करताना कच्च्या मालात इल्मेनाइट असेल, तर टायटॅनियम हिराकशीबरोबर शाईत उतरेल आणि तिथे अ‍ॅनाटेज म्हणून साकळेल. वर सांगितलेली कारखान्यातली कृती आठवा. इल्मेनाइट, आम्ल, हिराकस, अ‍ॅनाटेज. कारखान्यात हिराकस टाकाऊ आणि अ‍ॅनाटेज माल. शाईवाल्याकडे हिराकस माल आणि अ‍ॅनाटेज मळ. एकच क्रिया, दोन बाजूंनी पाहिलेली. कागदावर बिनतोड.

याला उत्तर दिलं केनेथ टो यांनी. तेही स्मिथसोनियनचेच, मातीच्या खनिजांचे अभ्यासक. त्यांनी बोट ठेवलं भट्टीवर. द्रावणातून साकळलेलं अ‍ॅनाटेज काही नॅनोमीटरचं, अस्ताव्यस्त. नकाशावरचं अ‍ॅनाटेज सुबक, गोलसर, रंगद्रव्याच्या मापाचं. मधलं भाजणं कोणी केलं? कोणता लेखनिक आपली शाई आठ-नऊशे अंशांना भाजून मग बोरू बुडवतो? त्यातून शाईत लोह जवळजवळ नाहीच. हिराकशीतून मळ आला आणि हिराकस स्वतः आली नाही, असं कसं?

सगळ्या वादात हा एक प्रश्न मला सर्वांत धारदार वाटतो. हिराकस कुठे गेली?

२००२ मध्ये दोन निकाल लागोपाठ आले आणि दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीचा उचलला. कार्बन-१४ ने चर्मपत्राचं साल दिलं १४३४, अकरा वर्षं इकडेतिकडे. म्हणजे कातडं अस्सल पंधराव्या शतकातलं. त्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये कॅथरिन ब्राउन आणि रॉबिन क्लार्क यांचा रामन वर्णपट छापून आला. रामन पद्धतीत लेझरचा बारीक ठिपका कणावर टाकतात आणि विखुरलेल्या प्रकाशातून स्फटिकाच्या कंपनांचा ठसा घेतात. मूलद्रव्य कोणतं हे ती विचारत नाही, बांधणी कोणती ते विचारते. त्यामुळे अ‍ॅनाटेज आणि रुटाइल यांची इथे गल्लत होत नाही. अ‍ॅनाटेजची वर्णपटातली सर्वांत उंच रेघ १४४ तरंगांकाजवळ (एका सेंटिमीटरात मावणारे तरंग, हा तरंगांक) उभी राहते, मग ४०० च्या अलीकडे, ५१६ आणि ६३९ ला. रुटाइलच्या ठळक रेघा ४४७ आणि ६१२ ला. नकाशाच्या पिवळ्या पट्ट्यात अ‍ॅनाटेज उमटलं. काळ्या रेघेत निघाला कार्बन, म्हणजे आपलं साधं काजळ. आणि काजळाची शाई पिवळा डाग सोडतच नाही. तो सोडते हिराकशीची. मग डाग कशाचा?

अस्सल कातड्यावर नकली शाई, एवढाच याचा अर्थ. जुन्या ग्रंथाची कोरी पानं हा बनावट दस्त करणाऱ्यांचा लाडका कच्चा माल. आपल्याकडे जुन्या कोऱ्या कागदावर नवी सनद लिहून वतन मागणाऱ्यांना हे सांगायची गरज पडली नसती.

शेवटचा हात येलने स्वतःच फिरवला. तिथल्या संवर्धकांनी आणि रिचर्ड हार्क या शास्त्रज्ञाने पूर्ण नकाशाच क्ष-किरण प्रतिदीप्तीने (क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं ओळखण्याची पद्धत) ओळ-ओळ स्कॅन केला. आधीच्या सगळ्या तपासण्या ठिपक्यांच्या होत्या आणि प्रत्येक वेळी 'नेमका तोच ठिपका का?' हा प्रश्न उरत होता. आता टायटॅनियमचा नकाशाच तयार झाला. जिथे रेघ तिथे टायटॅनियम, जिथे अक्षर तिथे टायटॅनियम, आणि लोह नाममात्र. तुलनेसाठी त्याच काळातली इतर हस्तलिखितं तपासली, तर त्यांत उलटं चित्र: लोह भरपूर, टायटॅनियम नाममात्र. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली अ‍ॅनाटेजचे कण नॉर्वेत १९२३ मध्ये बनलेल्या रंगद्रव्याशी मिळतेजुळते दिसले. सप्टेंबर २०२१ मध्ये ग्रंथालयाचे अभिरक्षक रेमंड क्लेमेन्स यांनी नकाशा बनावट असल्याचं निःसंदिग्धपणे जाहीर केलं.

त्याच तपासणीत नकाशाची पाठही वाचली गेली. तिथे लॅटिनमध्ये एक ओळ आहे, स्पेक्युलमच्या भागांचा उल्लेख करणारी. नकाशा त्या ग्रंथाचाच, असं म्हणणाऱ्यांचा ती मोठा आधार होती. क्ष-किरणांत ती दोन थरांची निघाली. खालची मूळ ओळ जुन्या, लोहाच्या शाईतली, बहुधा बांधणाऱ्यासाठी पानं लावण्याची सूचना. तिच्यावर कोणीतरी दुसरी अक्षरं गिरवलेली. त्या अक्षरांच्या शाईत टायटॅनियम आहे.